पाणी जिरत नाही त्या गावी

अलास्कातल्या फेअरबँक्सला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या दारात टँकर आला. तिकडचा म्हणून चकचकीत, पण टँकरच. चालकानं पाइप ओढून घराच्या भिंतीतल्या तोटीला जोडला आणि आतल्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज सुरू झाला. मी आणि ही खिडकीत उभे राहून बघत होतो. ही म्हणाली, "अहो, दहिवडी सुटली म्हणून पेढे वाटले होते ना आपण?"

माझी उभी नोकरी दहिवडीच्या बाजूला, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात गेली. समतल चर, नालाबांध, पाझर तलाव यांतच केस पांढरे झाले. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही पाटी मी इतक्या भिंतींवर रंगवून घेतली, की झोपेत विचारलं तरी त्या रंगाचा भाव सांगेन. त्यामुळे टँकरचं मला नवल नव्हतं. नवल होतं टँकरच्या मागं दिसणाऱ्या देखाव्याचं. घरापासून तीस-चाळीस पावलांवर पाणीच पाणी. एप्रिल संपत आलेला, बर्फ निम्मा वितळलेला, निम्मा राखाडी होऊन पडलेला, आणि मधल्या प्रत्येक खळग्यात पाणी तुंबलेलं. दोन बदकं त्यात आरामात फिरत होती. चिबड रानात घर, आणि प्यायचं पाणी विकतचं!

"विहीर का नाही काढली?" मी विचारलं.

जावई विद्यापीठात भूजलाचंच काम करतात. ते हसले. म्हणाले, "बाबा, खाली बर्फ आहे. आणि सांडपाण्यालासुद्धा शोषखड्डा चालत नाही इथं. शोषणार कोण?"

शोषखड्डा शोषत नाही, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

फेअरबँक्स हे अलास्काच्या मध्यावरचं गाव. १९०१ साली इथं चेना नदीकाठी एक व्यापारी ठाणं उभं राहिलं, पुढच्याच वर्षी जवळच्या टेकड्यांत फेलिक्स पेड्रो नावाच्या इटालियन माणसाला सोनं सापडलं आणि वस्ती वाढली. हिवाळ्यात पारा उणे चाळीसला टेकतो. वर्षाची सरासरी काढली तर तीही शून्याच्या दोनेक अंश खालीच येते. पण मला हादरा बसला तो पावसाचा आकडा ऐकून. पाऊस आणि वितळलेला बर्फ सगळं धरून वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर! आमच्या दुष्काळी माणात याच्या दीडपट तरी पडतो. आम्ही त्याला अवर्षणप्रवण क्षेत्र म्हणून फायली उघडल्या, आणि इथं त्याहून कमी पाण्यात दलदल, तळी, डास आणि बदकं. ऊन कमी, थंडी फार, त्यामुळे पाणी उडून कमी जातं हे खरं. पण खरा कारभार जमिनीच्या पोटात होता. तो बघायला मला पुढचे तीन महिने मिळाले.

पहिला धडा बर्फ वितळतानाच मिळाला. मेच्या पहिल्या आठवड्यात ऊन तापलं आणि पाच-सहा महिने साठलेला बर्फ आठ-दहा दिवसांत पाणी होऊन निघाला. आमच्याकडं वळवाचा पाऊस पडला की तापलेली जमीन आधी घटाघटा पिते, मग ओघळ लागतात. इथं पहिल्या दिवसापासून ओघळ. रस्त्याकडेच्या चरातून पाणी खळाळत होतं आणि चराचा तळ काचेसारखा कडक होता. माती होती, पण तिच्या प्रत्येक छिद्रात बर्फाचं बूच.

मात्र सगळीकडं सारखं नव्हतं. चार घरं सोडून एक उंचवटा होता, खडबडीत रेतीचा. तिथं बर्फ वितळला आणि पाणी गायब. जमीन तिथंही गोठलेलीच होती. जावयांना विचारलं तर ते म्हणाले, प्रश्न गोठण्याचा नाही, कशी गोठली त्याचा आहे. रेती शरद ऋतूत निथळून कोरडी झालेली होती, ती तशीच कोरडी गोठली. छिद्रं मोकळी राहिली. खळग्यातली गाळाची माती मात्र ओलीचिंब असताना थंडीत सापडली, तिची छिद्रं मुजून गेली.

कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात डॉन ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या सपाट प्रदेशात वर्षानुवर्षं हेच मोजलं आणि गोठलेल्या जमिनीचे तीन वर्ग पाडले. पहिलीत काहीच मुरत नाही, कारण वरच बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. दुसरीत थोडं मुरतं, आणि ते किती हे हिवाळा लागताना मातीत ओल किती होती त्यावर ठरतं. तिसरीत सगळंच मुरतं, ती म्हणजे कोरडी पडून भेगाळलेली भारी चिकणमाती. हे ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. भेगाळलेली काळी! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट खाली. तिथं उन्हानं पडलेल्या भेगा हिवाळाभर गोठून तशाच राहतात आणि वसंतात बर्फाचं पाणी गिळतात. म्हणजे मे महिन्यात पूर येणार की शेतात ओल राहणार, याचा निकाल मागच्या ऑक्टोबरातच लागलेला असतो. आमचा शेतकरी वाफसा बघून पेरतो. तिथल्या मातीला वाफसा असताना थंडी गाठते की चिखल असताना, यावर पुढचं वर्ष.

त्यातही एक मेख आहे. गोठलेल्या मातीत शिरलेलं पाणी आत जाऊन पुन्हा गोठतं, आणि गोठताना उष्णता सोडतं. एक ग्रॅम पाण्याला ८० कॅलरी. ही उष्णता भोवतालच्या मातीला मिळते. म्हणजे पाणी स्वतःची वाट स्वतःच बुजवतं आणि त्याच वेळी ती थोडी उबवतंही. दोहोंत कोण जिंकेल, हे मातीचं तापमान शून्याच्या किती खाली आहे त्यावर.

हे झालं वरच्या थराचं, जो हिवाळ्यात गोठतो आणि उन्हाळ्यात सुटतो. त्याच्या खाली जे आहे त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्या अगदी सरकारी: सलग दोन वर्षं किंवा अधिक काळ शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन. नाव फार जुनं नाही. सायमन मुलर या भूशास्त्रज्ञानं १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, बांधकामाच्या अडचणींवरच्या एका अहवालासाठी ते घडवलं. जमीन मात्र हजारो वर्षांची गोठलेली. फेअरबँक्सभोवती ती सलग नाही. ठिगळ लावल्यासारखी इथं आहे, तिथं नाही. कुठं काही मीटर जाड, कुठं पन्नास मीटरच्याही पलीकडं.

माझ्यासारख्या विहिरी बघत जन्म काढलेल्या माणसाला एक गोष्ट फार आवडली. सायबेरियातल्या याकुत्स्क गावी शेर्गिन नावाचा माणूस रशियन-अमेरिकन कंपनीचं काम बघायचा. अलास्का १८६७ पर्यंत रशियाकडं होतं, तिथला व्यापार याच कंपनीच्या हातात. शेर्गिननं १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. गोठलेली माती लागली, खाली गेला; पुन्हा गोठलेली. १८३७ पर्यंत, नऊ वर्षं, खणतच राहिला. ११६ मीटर खाली गेला तरी गोठण संपली नाही आणि पाण्याचा थेंब लागला नाही. शास्त्रज्ञांनी मग तिच्यात तापमापकं सोडून तिचं सोनं केलं, पण त्या बिचाऱ्याला पाणी लागलं नाही ते नाहीच. आमच्याकडं असा माणूस अकरावा बोअर मारताना रोज दिसतो.

मेच्या अखेरीस मी एक उद्योग केला, त्याची फळं शेवटपर्यंत भोगली. घरामागच्या रानात ब्लॅक स्प्रूसची किडकिडीत झाडं आणि खाली शेवाळाची जाड गादी. पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतायचा, उचलला की पच्च आवाज. लेक म्हणत होती, "बाबा, मेथी लावू या." झालं. आपल्याकडं भाजीचा वाफा करायचा तर आधी रान साफ करतात. एका दुपारी घरात कोणी नसताना मी कुदळ घेतली आणि दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पट्टा शेवाळ खरवडून लख्ख केला. खाली सुंदर करडी माती निघाली, बोटांत धरली तर मैद्यासारखी. मी खूश.

संध्याकाळी जावई आले. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, आत गेले आणि एक लोखंडी सळई घेऊन आले. बोटाएवढी जाड, छातीइतकी उंच, वर आडवी मूठ. पहारेची सडपातळ बहीण म्हणा. म्हणाले, "बाबा, दाबा."

शेवाळाच्या गादीवर दाबली. लोण्यात गेल्यासारखी आत गेली, आणि वीतभर खाली टण्ण. पहार कातळाला लागते तसाच आवाज, तोच झटका मनगटाला. पण हा कातळ नव्हता, तीच मैद्यासारखी माती होती, पाण्यानं सिमेंट केलेली. शेजारी दाबली, पुन्हा टण्ण. दहा जागी दाबली, दहाही जागी वीतभर. तेवढ्या वीतभर थरात त्या रानाचं सगळं पाणी राहत होतं. खाली जायला वाट नाही, बाजूला जायला उतार नाही.

कोकणातल्या सड्यावर पावसाळ्यात असंच होतं. जांभ्याचा कातळ, वर चार बोटं माती, आणि चार महिने पाणी साचून तिथं गवत-फुलांची चंगळ. फरक इतकाच की सड्याचा कातळ जागचा हलत नाही. इथला कातळ उन्हाळाभर रोज थोडा खाली सरकतो आणि ऑक्टोबरात पुन्हा वर येतो.

"तुम्ही त्याचं पांघरूण काढलंत," जावई म्हणाले. शेवाळाचं गणित मग त्यांनी चहावर समजावलं. उन्हाळ्यात शेवाळाचा वरचा भाग वाळतो, हवेनं भरतो आणि गोधडीसारखा होतो. उष्णता खाली जात नाही. हिवाळ्यात तेच शेवाळ ओलं होऊन गोठतं. गोठलेल्या पाण्यातून उष्णता भराभर जाते, म्हणजे खालची ऊब बाहेर निघून जाते. उन्हाळ्यात दार बंद, हिवाळ्यात दार उघडं. ओलं रान म्हणून शेवाळ, शेवाळ म्हणून बर्फ, आणि बर्फ म्हणून रान ओलं. यात पहिलं कोण, असं मी विचारलं नाही. मेथी मग लाकडी पेटीत, विकतच्या मातीत लावली.

फार्मर्स लूप नावाचा रस्ता त्याच भागात आहे. तिथं अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९४६ साली हाच प्रयोग मुद्दाम केला होता. तीन तुकडे आखले. एकावरचं रान जसंच्या तसं ठेवलं, दुसऱ्यावरची झाडं तोडली पण शेवाळ-पाचोळा राहू दिला, तिसऱ्यावरचं सगळं खरवडून काढलं. २६ वर्षांनी मोजलं तेव्हा पहिल्या तुकड्यातली गोठण जागच्या जागी होती. दुसऱ्यात ती ४.७ मीटर खाली गेली होती आणि तिसऱ्यात ६.७ मीटर. तो रस्ताही आता असा लाटालाटांचा झालाय की गाडीतून जाताना ही दर वेळी पुढची सीट धरते.

जूनमध्ये एका रविवारी गावाच्या उत्तरेकडच्या टेकड्यांत गेलो. मला तिथला डोंगर वाचायचा होता. आपल्याकडं माथा, उतार, पायथा बघून मी पाणी कुठं लागेल ते सांगत असे. इथली लिपी वेगळी, पण सोपी निघाली. दक्षिणेकडं तोंड असलेल्या उतारावर पांढऱ्या खोडांचे बर्च आणि सळसळणारे ॲस्पेन. उत्तरेकडच्या उतारावर आणि दरीच्या तळाशी काळपट, खुरटी ब्लॅक स्प्रूस. दक्षिण उतारावर सूर्य पडतो, तिथं खाली गोठण नाही. उत्तर उतारावर ती आहे. झाड बघितलं की खालचं कळतं. मी दोन्हीकडं सळई दाबून बघितली. बर्चखाली ती दगडाला लागेपर्यंत सरळ गेली, वर आली ती कोरडी. स्प्रूसखाली टण्ण, आणि वर आली ती निथळत.

फेअरबँक्सपासून पन्नासेक किलोमीटरवर कॅरिबू-पोकर क्रीक्स हे संशोधनाचं पाणलोट क्षेत्र आहे. तिथल्या एका उपखोऱ्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक जमिनीखाली पर्माफ्रॉस्ट आहे, दुसऱ्याच्या जेमतेम तीन-चार टक्क्यांखाली. पाऊस दोन्हीकडं सारखा. पण पहिल्यातला ओढा पाऊस पडला की झटकन फुगतो आणि झटकन ओसरतो, कोरड्या दिवसांत रोडावतो. दुसऱ्यातला सावकाश चढतो, सावकाश उतरतो, आणि त्याला खालून झऱ्यांचा आधार असल्यानं बारा महिने त्यात धार राहते. हे वाचून मी मोठ्यानं हसलो. चर खणण्याआधीचा आणि खणल्यानंतरचा ओढा, हेच दोन आलेख मी प्रत्येक ग्रामसभेत फळ्यावर काढत होतो! तिथं आम्ही जे खोरं जेसीबी लावून घडवायचो ते इथं केवळ उन्हाकडं तोंड असल्यामुळे आयतं घडलंय.

मात्र हिवाळ्यात हे जिवंत झरेही त्रास देतात. वरून थंडी खाली उतरते, भूजलाची वाट वरून आवळत जाते, कुठं खालून गोठण असते. दोहोंच्या कात्रीत सापडलेलं पाणी मग जिथं जमीन दुबळी तिथं उपळतं आणि उणे तीस अंशात रस्त्यावर पसरून थरावर थर गोठत बसतं. उन्हाळ्यात आटलेला ओढा आणि हिवाळ्यात रस्त्यावर आलेला ओढा, दोन्ही एकाच मातीची करणी.

माझ्या दृष्टीनं त्या तीन महिन्यांतला सर्वांत मोठा दिवस बोगद्याचा. फेअरबँक्सच्या उत्तरेला फॉक्स नावाची वस्ती आहे, तिथं अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेनं १९६३ ते १९६९ या काळात टेकडीच्या पोटात शंभर-सव्वाशे मीटर बोगदा खणला. दगडात नव्हे, गोठलेल्या गाळात. मनात येईल तेव्हा जाऊन बघावी अशी ती जागा नाही. जावयांच्या विभागाची मंडळी जाणार होती, त्यांच्यात मी हेल्मेट घालून सामील झालो.

दार उघडताच आधी वास आला. कुजलेल्या गवताचा, बंद पेवाचा, थोडा गोठ्याचा. हजारो वर्षांपूर्वीची मुळं-पानं, जी तेव्हा धड कुजली नाहीत, ती आता कुठं सुटत होती. छतातून मुळांचे झुपके लोंबत होते, भिंतीत रानरेड्याचं हाड रुतलेलं. काही थर चाळीस हजार वर्षांपर्यंत जुने. पण मला गंमत वाटली ती पायाखालच्या धुळीची. बर्फाच्या बोगद्यात चिखल असेल म्हणून मी गमबूट घालून गेलो होतो, आणि तिथं पिठाच्या गिरणीसारखी धूळ! भिंतीतला बर्फ कोरड्या थंड हवेत वितळत नाही, थेट वाफ होऊन उडतो, आणि त्यानं धरून ठेवलेली माती भुरभुर खाली पडते. पाण्यावाचून माती म्हणजे काय, ते इतकं स्पष्ट मी कुठं बघितलं नव्हतं.

मग भिंतीवर टॉर्च धरली. करड्या मातीत पारदर्शक बर्फाचे पापुद्रे, एकावर एक, खाज्याला सुटतात तसे. काही कागदाएवढे, काही बोटाएवढे. माती, बर्फ, माती, बर्फ. काही ठिकाणी मातीपेक्षा बर्फच जास्त. मी विचारात पडलो. मातीच्या छिद्रांत मावेल तेवढंच पाणी मातीत असणार. मग हे जास्तीचं आलं कुठून?

याचं उत्तर साउथ कॅरोलायनातल्या स्टीफन टेबर या भूशास्त्रज्ञानं १९२९-३० मध्ये दिलं. तोवर लोक म्हणत, पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं म्हणून जमीन उचलली जाते. टेबरनं मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती उचलली गेली! म्हणजे फुगणं हे खरं कारण नव्हतंच. कारण होतं ओढ. मातीत जिथं गोठायला सुरुवात होते, तिथं खालचं न गोठलेलं द्रव ओढलं जातं, समईची वात तेल ओढते तसं. ते येऊन चिकटतं, गोठतं, पापुद्रा जाड होतो, वरची माती उचलतो. शून्याखाली गेलेल्या मातीतही कणांभोवती पाण्याचा अतिबारीक थर द्रवच राहतो, त्या वाटेनं हा प्रवास चालतो.

आयुष्यभर मी पाणी उताराकडं जातं असं शिकवलं. इथं ते थंडीकडं जात होतं, प्रसंगी चढण चढून.

आणि यात माती कोणती, हे फार महत्त्वाचं. रेतीची छिद्रं मोठी, तिच्यात वातीसारखी ओढच धरत नाही. चिकणमाती ओढते खूप, पण तिच्या छिद्रांतून पाणी इतकं हळू सरकतं की हिवाळा संपून जातो. मधली, मैद्यासारखी पोयट्याची माती मात्र ओढतेही आणि वाहूही देते. फेअरबँक्सभोवतीच्या टेकड्यांवर नेमकी हीच माती आहे. हिमयुगात हिमनद्यांनी दगड दळून पीठ केलं, ते तनाना नदीच्या पात्रात पसरलं, वाऱ्यानं उचललं आणि इथं आणून टाकलं. मी ज्या मातीला सुंदर म्हणून हात फिरवत होतो, तिच्याइतकी घराला वाईट माती शोधून सापडायची नाही.

त्याचा पुरावा स्वयंपाकघरातच होता. पहिल्याच आठवड्यात हिच्या हातून लिंबू सुटलं, ते गडगडत उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. बाहेर जाऊन बघितलं तर घर जोत्यावर नव्हतंच, लाकडी ओंडक्यांवर आणि लोखंडी स्क्रू-जॅकांवर उभं. खालून वारा खेळता राहावा आणि घराची ऊब जमिनीला लागू नये म्हणून. तरी एखादा कोपरा दबतो किंवा उचलला जातो, मग घरमालक पाना घेऊन खाली शिरतो. जावयांनी उत्तर-कोपऱ्याचा जॅक अर्धा वेढा फिरवला. त्या संध्याकाळी लिंबू दक्षिणेला गेलं.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर बघायची तर फॉक्सजवळ रस्त्याकडेलाच अलास्काची तेलवाहिनी आहे. १९७७ साली सुरू झालेली, जवळपास १,३०० किलोमीटर लांब, आणि निम्म्याहून अधिक वाट खांबांवरून चाललेली, कारण गरम तेलाची नळी पुरली तर भोवतालचा बर्फ वितळून तीच लोळण घेईल. बऱ्याच खांबांत अमोनियाच्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात तळाचा अमोनिया जमिनीची ऊब घेऊन वाफ होतो, वरच्या पंखांशी थंड होऊन पुन्हा खाली उतरतो. ना मोटर ना वीज. मी खांबाला हात लावून उभा राहिलो, हिनं फोटो काढला, त्यात माझं डोकं कापलं गेलंय.

परतताना फॉक्सच्या झऱ्यावर थांबलो. रस्त्याच्या कडेला नळ, सतत वाहणारं पाणी, आणि गाड्यांची रांग. माणसं डिक्कीतून निळे कॅन काढत होती, भरत होती, ढकलून आत ठेवत होती. आसपासच्या कित्येक घरांना नळ नाही, विद्यापीठातली मुलं तर सर्रास अशा बिनपाण्याच्या लाकडी खोल्यांत राहतात. एका बाईंनी आपला नंबर सोडून आम्हाला आधी भरू दिलं. बोलणं काही झालं नाही, पण रांगेतला तो शिष्टाचार ओळखीचा वाटला.

गोठण सुटली की काय होतं, हा पुढचा प्रश्न. आता तिथली जमीन जागोजागी शून्याच्या अगदी काठाला आली आहे. सुटल्यावर पाणी वाढेल असं मला वाटलं होतं. पण ते खालच्या मातीवर आहे. पोयट्याच्या मातीत बर्फाचे पापुद्रे वितळले की जमीन तेवढी खाली बसते, खड्डा होतो, त्यात पाणी साचतं आणि झाडं दारू प्यायल्यासारखी वाकडीतिकडी कलतात. क्रीमर्स फील्ड हे गावातलं पक्ष्यांचं रान. क्रौंच बघायला म्हणून आम्ही गेलो होतो आणि मी तिथल्या लाकडी पुलावरून तिरकी झाडंच बघत बसलो. उलट खाली वाळू-गोटे असतील तर गोठलेला तळ फुटतो आणि वरचं तळं आटून जातं. अलास्काच्या पश्चिमेला कौन्सिल गावाजवळ योशिकावा आणि हिंझमन या दोघांना अशी आकसणारी तळी दिसली, आणि त्यांनी २००३ साली त्यावर लिहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर साठवण तलावाचा पाझर तलाव झाला. हे करायला आम्हाला निविदा काढावी लागे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरलं. आदल्या दिवशी सळई घेऊन मागं गेलो. शेवाळाच्या गादीवर दाबली, ४५ सेंटिमीटरवर टण्ण. मग मी खरवडलेल्या पट्ट्यावर आलो. तिथं आता माती दिसतच नव्हती. पट्टा कडेपेक्षा वीतभर खाली बसला होता आणि काठोकाठ पाणी, त्यावर डासांच्या अळ्या. सळई दाबली ती ८० वर जाऊन लागली.

कुदळीनं काढलेलं शेवाळ कुंपणाशी ढिगानं वाळत पडलं होतं. बादलीनं पाणी उपसलं, ढीग ओढून आणला, तुकडे जुळवून पट्टा झाकला, वरून हातानं थापला. पहाटे विमानतळावर निघण्याआधी टॉर्च घेऊन बघायला गेलो. शेवाळाचे तुकडे पाण्यावर तरंगत होते.